उशिरां तापणारी गाडी

परदेशांतून परत आलेल्या मनुष्यानें तेथील उंच इमारती, रुंद रस्ते व लोकांची शिस्त यांविषयीं चार गोष्टी सांगाव्या असा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो आम्हीहि आप्तेष्टांच्या मंडळींत यथाशक्ति पाळला. परंतु ज्या वस्तूनें आमचा मिनेसोटांतील सबंध हिवाळा व्यापला तिचें नांव काढतांच ऐकणारांची नजर घड्याळाकडे जाते. म्हणून ती हकीकत येथें लिहून काढीत आहों. ती वस्तु म्हणजे आमच्या सुनेच्या जुन्या मोटारींतला हीटर. पुण्यामुंबईकडे गाडी थंड कशी ठेवावी याची विवंचना असते. ती गरम कशी करावी ही विवंचना काय असते हें, ज्यांचीं मुलें-सुना उत्तर अमेरिकेंत नांदत आहेत, त्यांनीं तरी समजून घेणें अगत्याचें आहे.

सन २०१८ च्या नोव्हेंबरांत आम्ही उभयतां मिनियापोलिसच्या एका उपनगरांत चिरंजीवांकडे गेलों. हें शहर उत्तरेस पंचेचाळीस अक्षांशांवर असून समुद्र तेथून शेंकडों कोस दूर, त्यामुळें थंडीस अडवणारें किंवा सौम्य करणारें असें कांहींच नाहीं. जानेवारींत तेथील सरासरी तपमान शून्याखालीं आठ-नऊ अंश असतें, आणि शून्याखालीं वीस अंश ही कोणी विशेष बातमी समजत नाहीं. तळीं इतकीं गोठतात कीं लोक त्यांवरून मोटारी नेतात आणि बर्फाला भोंक पाडून मासे धरीत बसतात. घरें मात्र उबदार, कचेऱ्या उबदार, दुकानें उबदार. या दोन उबांच्या मधला जो प्रवास तो मोटारीचा. म्हणून तेथील मनुष्याचें थंडीशीं जें कांहीं भांडण होतें तें बहुतेक मोटारींतच होतें.

घरांत मोटारी दोन. एक चिरंजीवांची, नवी, जिच्या बैठकीसुद्धां विजेनें तापतात. दुसरी सूनबाईची, चौदा वर्षांची, तिनें विद्यार्थिदशेंत दुसऱ्या कोणाकडून घेतलेली. सूनबाई एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम करिते. तिच्या पाळ्या फिरत्या. कधीं पहाटे साडेपांचास निघायचें, कधीं रात्रीं अकराच्या पुढें यायचें, आणि अंतर एकवीस-बावीस किलोमीटरचें. चिरंजीवांची कचेरी घरापासून दहा मिनिटांवर. या वाटणींत कांहीं वांकडें आहे असें कोणाच्याच मनांत आलें नव्हतें. पहिला महिनाभर तें आमच्याहि आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत चिरंजीवांस यावयास उशीर होता, म्हणून वाचनालयांत आम्हांस सूनबाईनें आपल्या गाडींतून नेलें. बाहेर शून्याखालीं अठरा अंश. हीटरचा पंखा मोठ्यानें घोंघावत होता, परंतु त्यांतून येणारी हवा माघांतल्या पहाटेच्या नदीकांठासारखी. पंधरा मिनिटें झालीं तरी आमचीं पावलें बुटांत असून नसल्यासारखीं. याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं आम्हां दोघांच्या श्वासाची वाफ समोरच्या कांचेवर आंतून बसून तिचा बर्फ होत होता, आणि सूनबाई एका हातानें स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानें, मुदत संपलेल्या बँकेच्या एका कार्डानें, तो खरवडीत होती. खरवडून झालेल्या वीतभर झरोक्यांतून ती रस्ता पाहात होती. त्या कार्डाची जागा ठरलेली होती आणि हात तेथें न पाहतां जात होता, यावरून हा प्रकार आजचा नव्हे हें आमच्या लक्षांत आलें. आम्हीं विचारलें तेव्हां ती हसून म्हणाली, "ही जरा उशिरां तापते, बाबा. आपण पोंचेपर्यंत होईल गरम."

गाडी वाचनालयाच्या दाराशीं पोंचली तेव्हांहि ती गरम झाली नव्हती. दोन हिवाळे ती अशीच उशिरां तापत होती.

रात्रीं जेवतांना आम्हीं हा विषय काढला. चिरंजीव म्हणाले, "अहो बाबा, चौदा वर्षांची गाडी आहे. जुन्या गाड्या अशाच असतात. पुढच्या वर्षीं बदलूंच." जुन्या वस्तूंविषयींचा हा सिद्धान्त एकाहत्तराव्या वर्षीं ऐकण्यास तितकासा गोड लागत नाहीं. तथापि आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नसल्यामुळें गप्प बसलों आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच वाचनालयांतलीं मोटारदुरुस्तीचीं पुस्तकें घरीं आणूं लागलों.

तीं वाचतांना आम्हांस जो उलगडा झाला तो कोणत्याहि आकृतीमुळें नव्हे, तर आमच्या वाड्यांतल्या तांब्याच्या बंबामुळें झाला. मोटारीचा हीटर ही स्वतंत्र शेगडी आहे अशी आमची समजूत होती. ती चूक. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यांतील फार तर एकतृतीयांशाच्या आसपास भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची कांहीं धुराबरोबर बाहेर जाते आणि कांहीं इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यांत उतरते. हें पाणी म्हणजे निम्में पाणी व निम्में ग्लायकोल नांवाचें रसायन. त्यामुळें तें शून्याखालीं सदतीस अंशांपर्यंत गोठत नाहीं. आंत विस्तव, भोंवतीं पाणी: हा बंबच झाला! या बंबाला दोन तोट्या आहेत असें समजावें. एकींतून पाणी बसणारांच्या पायांजवळच्या एका लहानशा जाळीदार पेटींत जातें, आणि तिच्यावरून पंखा जी हवा फुंकतो तोच आपला हीटर. दुसरींतून तें गाडीच्या नाकाशीं असलेल्या रेडिएटरांत जातें, जेथें वाऱ्यानें निवून परत येतें. बंब तापण्यापूर्वींच ही दुसरी तोटी उघडली तर पाणी कधींच तापणार नाहीं, म्हणून तिच्या तोंडाशीं एक झडप बसविलेली असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. तिच्यांत मेण भरलेली एक इवलीशी डबी असते. पाणी सुमारें ८२ ते ९० अंशांवर आलें म्हणजे मेण वितळून फुगतें, आंतली दांडी ढकलतें आणि झडप उघडते; पाणी निवलें कीं स्प्रिंग तिला पुन्हां मिटविते. ज्यानें ही युक्ति काढली त्याच्या बुद्धीचें आम्हांस फार कौतुक वाटलें. वीज नाहीं, कांटा नाहीं, हिशेब नाहीं. एक मेणाचा तुकडा सारा कारभार पाहतो.

वाड्यांतल्या बंबाचा नियम असा होता कीं एक बादली काढली तर एक बादली ओतायची. दिवाळींत पहिल्या आंघोळीच्या दिवशीं चौदा-पंधरा माणसें एकामागून एक बादल्या काढीत, तितकेंच थंड पाणी वर ओतलें जाई, आणि गोवऱ्या कितीहि सारल्या तरी शेवटीं शेवटीं बंबाला जोर राहात नसे. त्या शेवटच्या बादलीची मालकीण आमची थोरली काकू. बंब पेटविणारी तीच, सर्वांना तेल-उटणें लावणारी तीच, आणि न्हाणारी सर्वांमागून. "मला बाई कोमटच बरें वाटतें" असें ती म्हणे, आणि आम्हीं तें पंचवीस वर्षें खरें मानलें.

असो. ज्ञान झालें म्हणून गाडी तापत नसते. डिसेंबरच्या मध्यास चिरंजीवांनीं ती जवळच्या एका गॅरेजमध्यें दाखविली. तेथील गृहस्थांनीं फारसें न पाहतां सांगितलें कीं हीटरच्या पेटींत गाळ बसला आहे, ती धुवावी लागेल. धुतली. दीडशेंवर डॉलर गेले. गाडी घरीं आली आणि पूर्वींइतकीच उशिरां तापूं लागली. पेटींत गाळ बसतो हें खोटें नाहीं. परंतु तसें असल्यास पेटीकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकीं एक चांगली गरम व दुसरी गार लागते, आणि ही परीक्षा करण्यास एक मिनिट पुरतें. तें मिनिट कोणी खर्च केलें नाहीं. आमच्या गाडीच्या दोन्ही नळ्या सारख्याच कोमट होत्या, म्हणजे पेटी निर्दोष असून तिच्याकडे येणारें पाणीच मुळीं गरम नव्हतें.

पाणी कमी असलें तरीहि असें होतें. हवेचा बुडबुडा पेटींत अडकतो आणि समोरच्या फळीमागून नळ खळखळल्यासारखा आवाज येतो. तेंहि आम्हीं पाहिलें. सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतांना. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर घेणें होय, हें तरुण वाचकांनीं विसरूं नये. पाणी खुणेपर्यंत होतें. हवा गाळणारी कागदी जाळी मात्र वाळक्या पानांनीं गच्च भरलेली निघाली. ती बदलल्यावर पंख्याचा जोर वाढला, म्हणजे थंड हवा अधिक जोरानें येऊं लागली! एक लाभ मात्र झाला. गाडींतलीच हवा पुन्हां पुन्हां फिरविण्याचें जें बटण असतें तें सूनबाई नेहमीं दाबून ठेवीत असे, कारण त्यानें गाडी लवकर तापते. तापणारी गाडी असेल तर तें खरें. परंतु श्वासांतली वाफ त्यामुळें आंतच कोंडून कांचेवर बसते. तें बटण बंद ठेवून बाहेरची कोरडी हवा कांचेवर सोडली तेव्हां बर्फ निम्म्यानें कमी झाला. पायांच्या थंडीवर अर्थातच याचा उपाय नव्हता.

याच सुमारास स्वयंपाकघरांतून आम्हांस एक गोष्ट कळली, जी सूनबाईनें आपल्या सासूला सांगितली होती आणि आम्हांस सांगूं नये अशी विनंति केली होती. मागल्या आठवड्यांत पहाटे रुग्णालयाच्या वळणावर रस्ता ओलांडणारा एक मनुष्य तिला त्या वीतभर झरोक्यांतून अगदीं शेवटच्या क्षणीं दिसला. ब्रेक लागला, गाडी बर्फावरून घसरत दोन हातांवर थांबली, आणि तो मनुष्य हात करून निघूनहि गेला. ती मात्र वाहनतळावर दहा मिनिटें तशीच बसून राहिली व मग कामावर गेली. हें ऐकल्यावर हीटर हा सुखसोयीचा विषय आहे असें म्हणण्याची आमची छाती उरली नाहीं.

निदान झालें तें आमच्या सहा वर्षांच्या नातवाच्या तोंडून. मागच्या बैठकीवर बसून तो वेगाचा कांटा व तपमानाचा कांटा यांची शर्यत पाहात असे. एकदां तो म्हणाला, "आजोबा, बाबांच्या गाडींतला हा कांटा मधें उभा राहतो. आईचा झोंपलेलाच असतो." आम्ही चमकून पाहूं लागलों. खरोखरच कांटा खालच्या खुणेपासून जेमतेम उठला होता. हमरस्त्यावर गाडी वेगानें चालूं लागली तेव्हां तो वर जाण्याऐवजीं खालीं आला, आणि सिग्नलापाशीं दोन मिनिटें उभें राहतांच किंचित् चढला. बंब पेटलेला आणि दुसरी तोटी सताड उघडी! वेग वाढला म्हणजे गोठलेला वारा रेडिएटरावर अधिक आदळणार, पाणी अधिक निवणार. गाडी थांबली म्हणजे इंजिनाला थोडा दम मिळणार. झडप मिटतच नसली पाहिजे. समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा कित्येक महिने जळत होता, आणि जुन्या गाडीचा तो जळायचाच, असें कोणीसें सूनबाईला सांगितलें होतें. शेजारच्यांकडून पन्नास रुपयांच्या वहीएवढें एक यंत्र आणून गाडीला जोडलें, तों त्यावर 'पी ०१२८' असा आंकडा उमटला. पाणी थर्मोस्टॅटच्या तपमानापर्यंत पोंचत नाहीं, असा त्याचा अर्थ. गाडी बिचारी महिनोन्महिने सांगत होती.

चिरंजीवांस आम्हीं हें सर्व सांगितलें. "बघतों सवडीनें," ते म्हणाले. तेव्हां आयुष्यांत क्वचितच वापरलेला स्वर आम्हीं वापरला. "अरे, बघूं नकोस. उद्यां तिची पहाटपाळी आहे. तिला तुझी गाडी दे, आणि तूं हिच्यांतून तिच्या रुग्णालयापर्यंत जाऊन ये."

ते गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं परत आले तेव्हां ओठ निळसर झाले होते, आणि चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बराच वेळ ते कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "बाबा, ती वरची नळी कशी तपासायची म्हणालांत?"

ती अशी. इंजिन रात्रभर थंड राहिलेलें असावें. तें सुरू करून, पंखा व पट्टे यांपासून हात दूर ठेवून, रेडिएटरकडे जाणारी वरची जाड नळी मधून मधून चांचपावी. झडप नीट असेल तर पहिलीं कित्येक मिनिटें नळी गार राहते आणि मग झडप उघडतांच एकाएकीं हातास चटका बसण्याइतकी तापते. आमच्या अंगणांत, शून्याखालीं पंधरा अंशांत, पितापुत्र एकेक हातमोजा काढून उभे होतों. नळी पहिल्या दोन मिनिटांतच कोमट लागूं लागली आणि नंतर कोमटच राहिली. आम्ही एकमेकांकडे पाहिलें. कोमट हा शब्द आमच्या कानांत वेगळ्याच आवाजांत वाजला, परंतु काकू चिरंजीवांच्या जन्मापूर्वींच वारली असल्यामुळें तें त्यांस सांगण्यांत अर्थ नव्हता.

नवा थर्मोस्टॅट वीस-बावीस डॉलरांत मिळाला. तळहातावर मावेल एवढी वस्तु. पुढच्या शनिवारीं चिरंजीवांनीं तो स्वतः बसविला. रेडिएटरमधलें पाणी एका पसरट भांड्यांत काढून झांकून ठेवलें, कारण ग्लायकोल चवीला गोड व पोटांत गेल्यास जीवघेणें असतें आणि शेजाऱ्यांचा कुत्रा अंगणांत सदैव येत असे. दोन बोल्ट काढले, जुनी झडप उचलली, नवें रबरी कडें घालून नवी बसविली, पाणी भरलें, आणि अडकलेली हवा निघून जावी म्हणून गाडीचें नाक चढावर करून इंजिन चालूं ठेवलें. गॅरेजचें दार या वेळीं सताड उघडें होतें. बंद गॅरेजमध्यें गाडी तापवीत ठेवण्याची संवय कित्येकांस असते. त्या धुरांतील विषारी वायूला वास नसतो, आणि माणूस झोंप येत आहे असें समजून मरतो.

जुनी झडप खरोखरच गुन्हेगार होती काय हें पाहिल्याशिवाय आम्हांस चैन पडेना. ती पाण्यांत उकळावी असा बेत ठरला, तों घरांतून ताकीद आली कीं आमटीचें, दुधाचें अथवा चहाचें कोणतेंहि पातेलें या कामीं मिळणार नाहीं. ताकीद योग्यच होती. टोमॅटोच्या रसाचा रिकामा डबा मिळाला. पण उकळण्याची गरजच पडली नाहीं; झडप हातांत थंडगार असतांनाच नखभर उघडी होती आणि बोटानें दाबूनहि मिटेना. स्प्रिंगेच्या तळाशीं गंज साचून ती तशीच आंखडली होती. दोन हिवाळ्यांची थंडी त्या नखभर फटींतून आली!

नव्या झडपेनें कांटा दहा-बारा मिनिटांत मध्यावर येऊन उभा राहूं लागला. पेट्रोलहि कमी लागूं लागलें, कारण थंड इंजिन अधिक पेट्रोल पितें. पंखा आरंभापासून जोरानें न सोडतां कांटा हलेपर्यंत मंद ठेवावा, आणि गाडी उभी करून तापवीत बसण्यापेक्षां मिनिटभरानें हळूहळू चालवूं लागावें म्हणजे ती लवकर तापते, हेंहि आम्हीं अनुभवानें ताडून पाहिलें. विजेवर चालणाऱ्या गाडींत ही कटकट नाहीं असें शेजारी अभिमानानें सांगत. तिचा हीटर तत्काळ तापतो, परंतु तो घासाघासानें बॅटरी खातो आणि कडक थंडींत गाडीचा पल्ला बराच आंखडतो, हें ते नंतर हळूच सांगत.

जानेवारीच्या अखेरीस खरी परीक्षा झाली. ३० जानेवारी २०१९ रोजीं मिनियापोलिसचें तपमान शून्याखालीं तेहतीस अंशांवर उतरलें. शाळा बंद, आणि मिनेसोटांत टपालसुद्धां त्या दिवशीं वांटलें गेलें नाहीं. रुग्णालयाला अशी सुट्टी नसते. चिरंजीव आपली गाडी देऊं लागले, परंतु सूनबाई म्हणाली, "नको, माझीच नेतें." रात्रभर इंजिनाला उष्णता देणारी विजेची तार लावून ठेवलेली होती, ती चिरंजीवांनीं काढली. गाडी गेली. आम्ही खिडकीशीं उभे होतों, आणि नातू आमच्या पोटाशीं. तीस-पस्तीस मिनिटांनीं फोन आला.

"पोंचलें, बाबा. दुसऱ्या सिग्नलापर्यंत कांच सगळी मोकळी झाली. हातमोजे काढून चालवली."

सायंकाळीं ती आली तेव्हां तें बँकेचें कार्ड तिनें गाडींतून आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर टाकलें. नातवानें तें लगेच उचललें, आणि आजीच्या पोळ्यांच्या कणकेंतून त्याचे शंकरपाळे पाडीत बसला.